धुंदी, शुद्ध आणि दंतकथा

इस्लाम आणि मादक द्रव्ये यांच्या संबंधाविषयी सर्वसाधारण वाचकाच्या मनात दोन चित्रे शेजारी शेजारी नांदत असतात आणि ती एकमेकांना छेद देणारी आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एका चित्रात दारूचा थेंबही वर्ज्य मानणारा कडक धर्म दिसतो, तर दुसऱ्यात चिलीम ओढणारा फकीर, हशीशच्या धुंदीत स्वर्ग पाहून खून करायला निघालेला मारेकरी आणि साकीच्या हातून पेला घेणारा कवी दिसतो. पहिले चित्र धर्मशास्त्रातून आले आणि दुसरे बव्हंशी कथा-कादंबऱ्यांतून. प्रत्यक्षात मुसलमान समाजांत उपासनेला जोड म्हणून काही द्रव्ये वापरण्याचे प्रयत्न झाले, त्यांवर धर्मशास्त्रज्ञांनी शतकानुशतके अतिशय बारकाईने वाद घातला, आणि त्या वादाच्या मुळाशी द्रव्यापेक्षाही माणसाच्या शुद्धीचा प्रश्न होता. ईश्वरापुढे उभा राहणारा माणूस शुद्धीवर असला पाहिजे का, आणि शुद्ध हरपली म्हणजे नेमके काय हरपते, याचा तो शोध होता. पाश्चात्त्य कथासाहित्याने या शोधाकडे जवळजवळ पाठ फिरवली आणि त्याच्या जागी एक दंतकथा बसवली, जिचा प्रभाव आजही ओसरलेला नाही.

कुराणातील दारूबंदी एका आदेशात आलेली नाही. सोळाव्या अध्यायात खजूर आणि द्राक्षे यांपासून माणूस मादक पेय आणि उत्तम अन्न मिळवतो असा उल्लेख ईश्वरी देणग्यांच्या ओघात येतो. दुसऱ्या अध्यायात दारू आणि जुगार यांत लोकांना काही लाभ असला तरी त्यांतील पाप लाभाहून मोठे आहे असे सांगितले आहे. चौथ्या अध्यायात नशेत असताना, म्हणजे आपण तोंडाने काय म्हणत आहोत हे कळेनासे झालेले असताना, नमाजाच्या जवळ जाऊ नये असे बजावले आहे. पाचव्या अध्यायात मात्र दारू, जुगार आणि मूर्तिपूजेशी जोडलेल्या प्रथा यांना सैतानाचे काम ठरवून त्यांपासून दूर राहण्याची स्पष्ट आज्ञा येते आणि तिचे कारणही दिले जाते : सैतान या मार्गांनी माणसामाणसांत वैर पेरतो आणि ईश्वराच्या स्मरणापासून व प्रार्थनेपासून माणसाला तोडतो. या क्रमात चौथ्या अध्यायातील सूचना विशेष महत्त्वाची आहे, कारण तेथे बंदीचा संबंध थेट उपासनेशी लावलेला आहे. उपासकाला स्वतःचे शब्द उमजत नसतील तर ती उपासनाच नव्हे, ही धारणा पुढच्या साऱ्या चर्चेचा पाया ठरली.

कुराणात दारूसाठी 'खम्र' हा शब्द येतो आणि त्याची व्याप्ती किती, यावरून धर्मशास्त्राच्या शाखांत मतभेद झाले. आठव्या शतकात इराकमधील कूफा येथे होऊन गेलेले इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेने, म्हणजे हनफी शाखेने, हा शब्द काटेकोर अर्थाने द्राक्षाच्या आंबवलेल्या मद्यापुरता घेतला आणि खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेल्या 'नबीज' नावाच्या पेयांपैकी काही प्रकार नशा चढणार नाही इतक्या प्रमाणात घेण्यास सुरुवातीच्या काळात मोकळीक ठेवली. इतर शाखांनी हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृती यांविषयीच्या परंपरेचा, आधार घेऊन जे जे मादक ते ते खम्र, आणि जे पुष्कळ घेतल्यावर नशा आणते ते थोडेसेही निषिद्ध, असा व्यापक नियम मांडला. पुढे हनफी पंडितांचाही कल याच नियमाकडे झुकला. खलिफा उमर यांच्या नावावर असलेल्या वचनाचा आशय असा की जे बुद्धीवर पडदा घालते ते खम्र. नियमाचा रोख असा बाटलीकडून बुद्धीकडे वळला, तेव्हा द्राक्षाशी किंवा खजुराशी काडीचाही संबंध नसलेल्या वनस्पतींचे काय करायचे, हा प्रश्न कधी ना कधी उभा राहणारच होता. तेराव्या शतकात तो भांगेच्या रूपाने उभा राहिला.

भांगेचे झाड पश्चिम आशियात त्याआधीही ठाऊक होते. वैद्यांच्या ग्रंथांत ते औषध म्हणून येते. मात्र फकिरांच्या जीवनातील भांगेच्या प्रवेशाशी एका संताचे नाव जोडले गेले आहे. इराणच्या खुरासान प्रांतात निशापूरजवळ कुत्बुद्दीन हैदर नावाचे एक विरक्त सत्पुरुष राहत असत आणि 1221 च्या सुमारास त्यांचे निधन झाले असे मानले जाते. पंधराव्या शतकातील इजिप्तचे इतिहासकार मकरीझी यांनी जुन्या ग्रंथाच्या आधारे दिलेल्या कथेनुसार, हैदर कित्येक वर्षे आपल्या मठीत कठोर व्रतस्थ जीवन जगत होते. एके दिवशी भर दुपारी ते एकटेच रानात गेले. वारा पडलेला, सारी झाडेझुडपे निश्चल, आणि त्यांत एकच झाड मात्र आनंदाने डोलत असलेले त्यांना दिसले. त्याची पाने त्यांनी खाल्ली आणि ते परतले तेव्हा एरवी कोणाशी न बोलणारा हा माणूस प्रसन्न मुद्रेने शिष्यांशी बोलू लागला. हे रहस्य सामान्य जनांपासून राखा, पण साधकांपासून लपवू नका, असे त्यांनी शिष्यांना सांगितले आणि आपल्या कबरीभोवती हेच झाड लावण्याची इच्छा व्यक्त केली, अशी ती कथा आहे. त्यांच्या समाधीमुळे त्या गावाला पुढे 'तुर्बत-ए-हैदरिये', म्हणजे हैदरची समाधी, हे नाव मिळाले आणि भांगेला अरबी कवितेत 'हैदरची मदिरा' म्हटले जाऊ लागले.

या कथेला त्या काळातच हरकत घेतली गेली होती. हैदर यांनी भांग आयुष्यात कधी चाखली नाही, ती खाण्याची रीत हिंदुस्थानातल्या एका शेखाने सुरू केली, असे सांगणारी दुसरी परंपरा त्याच ग्रंथात नोंदलेली आहे. दमास्कसचे प्रखर धर्मशास्त्रज्ञ इब्न तैमिया यांनी भांगेच्या प्रसाराचा संबंध तातारांच्या, म्हणजे मंगोलांच्या, स्वारीशी जोडला. प्रत्येकाने हे खापर दुसऱ्या कुणाच्या तरी माथ्यावर फोडावे यातून एक गोष्ट नक्की कळते : भांगेचा वापर आपल्या समाजात आहे हे सर्वांना मान्य होते, पण तो आपला म्हणवून घ्यायला प्रतिष्ठितांपैकी कोणी तयार नव्हते. तो वापर प्रामुख्याने हैदरी आणि कलंदर या पंथांतील भटक्या दरवेशांत होता. कुणी डोके, दाढी, मिशा आणि भुवया भादरून, कुणी अंगावर लोखंडी कडी घालून हिंडणारे हे साधू समाजाच्या रूढ चौकटी मुद्दाम मोडत असत आणि भांग हा त्या मोडण्याचाच एक भाग होता. भांगेने मन शांत होते, भूक आणि वासना मावळतात, एकांत सुसह्य होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्थापित सूफींना हे दरवेश आपले वाटत नसत, आणि सगळ्या सूफी परंपरेला भांगेच्या पंक्तीला बसवणे हा इतिहासावर अन्याय आहे.

धर्मशास्त्रज्ञांचे उत्तर मात्र एकसुरी नव्हते आणि या विषयातील सर्वांत वाचनीय भाग हाच आहे. इब्न तैमिया यांच्या मते भांग मादकच आहे, कारण ती खाणाऱ्यांना तिच्यातून सुख मिळते आणि तिची ओढ लागते. म्हणून तिला दारूचेच सारे नियम लागू होतात, दारू पिणाऱ्याला ठरवून दिलेली फटक्यांची शिक्षा, म्हणजे 'हद्द', भांग खाणाऱ्यालाही झाली पाहिजे. कैरोचे शिहाबुद्दीन अल-कराफी हे इब्न तैमिया यांच्या आधीच्या पिढीतले. 1285 मध्ये त्यांचे निधन झाले. मालिकी शाखेच्या या पंडिताने बुद्धीवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचे तीन वर्ग पाडले. पहिला 'मुस्किर', म्हणजे जो बुद्धी झाकतो आणि त्याबरोबर उल्हास व बळ आल्याचा आभास निर्माण करतो; दारू या वर्गात येते. दुसरा 'मुर्किद', म्हणजे जो इंद्रियांसकट माणसाला झोपवतो. तिसरा 'मुफ्सिद', म्हणजे जो उल्हास न देता केवळ बुद्धी बिघडवतो. अल-कराफी यांचे निरीक्षण असे होते की दारुडे आरडाओरडा करतात, हाणामारीवर येतात, तर भांग खाणारे गप्प, सुस्त आणि कधी रडवे होऊन बसतात. त्यामुळे त्यांनी भांग तिसऱ्या वर्गात घातली. ती खाणे गैरच, पण तिला हद्द लागू नाही; न्यायाधीशाने परिस्थिती पाहून ठरवायची सौम्य शिक्षा, म्हणजे 'ताजीर', पुरेशी आहे. दारू ही अपवित्र वस्तू असल्याने ती अंगावर बाळगून केलेली नमाज ग्राह्य धरली जात नाही. भांग अपवित्र नसल्याने ती खिशात असताना केलेली नमाज मात्र ग्राह्य ठरते, हाही त्यांचा निष्कर्ष होता. नमाजाला उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात काय आहे इथपर्यंत जाणारी ही चिकित्सा आजच्या वाचकाला किरटी वाटू शकेल, पण तिच्यात प्रामाणिकपणा आहे. जे द्रव्य आपल्याला आवडत नाही त्याच्यावरही खोटा आरोप करायचा नाही, त्याचा परिणाम जसा आहे तसा पाहायचा आणि मगच नियम लावायचा, ही शिस्त तिच्यात दिसते.

राज्यकर्त्यांना इतके बारकावे परवडत नव्हते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तचा मामलूक सुलतान बैबर्स याने दारू आणि भांग या दोहोंविरुद्ध मोहिमा काढल्या. सुमारे शंभर वर्षांनी, 1378 च्या आसपास, कैरोत सूदून अश-शेखूनी या अमिराने भांगेची लागवड उखडून काढली आणि ती खाणाऱ्यांचे दात उपटण्याची शिक्षा दिली, असे मकरीझी नोंदवतात. आणि पुढे ती पुन्हा उघडपणे खाल्ली जाऊ लागल्याची तक्रारही तेच करतात.

सूफी साहित्यातील मदिरेचा प्रश्न याहून वेगळा आहे. नवव्या शतकातील बायजीद बिस्तामी यांच्या नावाशी 'सुक्र', म्हणजे ईश्वरी प्रेमात भान हरपण्याची अवस्था, जोडली जाते आणि बगदादचे जुनैद यांच्या नावाशी 'सहव', म्हणजे त्या अनुभवातून पुन्हा भानावर येण्याची अवस्था. यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर सूफींनी खूप लिहिले आणि बहुतेक आचार्यांनी कौल भानाच्या बाजूने दिला, कारण ज्याला परतता येत नाही त्याला इतरांना वाट दाखवता येत नाही. तेराव्या शतकातील अरबी कवी इब्न अल-फारिद यांनी ज्या मदिरेवर काव्य रचले ती द्राक्षवेल जन्माला येण्यापूर्वीची आहे. म्हणजे ती कोणत्याही गुत्त्यात मिळणारी नाही हे कवीने आरंभीच स्पष्ट केले आहे. फारसीतला प्रत्येक पेला आध्यात्मिकच असतो असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. हाफिझसारख्या कवीच्या बाबतीत खरी दारू आणि रूपकातली दारू यांना वेगळे करता येत नाही, आणि त्याच्या काव्याची गोडी त्यातच आहे. मराठी वाचकाला या मदिरेची ओळख माधव जूलियन यांनी केलेल्या उमर खय्यामच्या रुबायांच्या अनुवादांतून झाली. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक असल्याने हा दुहेरी अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता.

उपासनेत प्रत्यक्ष स्थान मिळवणारे द्रव्य कोणते, याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे कॉफी. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफींनी रात्रीच्या 'जिक्र'साठी, म्हणजे ईश्वरनामाच्या सामूहिक जपासाठी, जागे राहता यावे म्हणून तिचा वापर सुरू केला, आणि एडनचे विद्वान मुहम्मद अध-धब्हानी यांचे नाव तिच्या प्रसाराशी निगडित आहे. सोळाव्या शतकात अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कॉफीच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात कैरोच्या अल-अझहर परिसरातील येमेनी सूफींच्या बैठकीचे वर्णन आहे. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री ते जमत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे. बैठकीचा प्रमुख छोट्या पळीने ती काढून उजव्या हाताकडून क्रमाने प्रत्येकाला देई आणि पेला फिरत असताना सारे जण ईश्वराच्या एकत्वाचा घोष करीत. काही मंडळींत कॉफी पिण्यापूर्वी 'या कवी', म्हणजे 'हे सामर्थ्यशाली ईश्वरा', हा जप 116 वेळा करण्याची रीत होती; अरबी अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या पद्धतीत त्या नामाची आणि कॉफीच्या अरबी नावाची बेरीज सारखीच येते. द्रव्य, भांडे, क्रम, मंत्र आणि हेतू असे विधीचे सगळे घटक येथे आहेत. फक्त येथला हेतू भान घालवण्याचा नसून टिकवण्याचा आहे.

तरीही वाद झाला. 1511 मध्ये मक्केत खाइर बेग या मामलूक अधिकाऱ्याला मशिदीजवळ रात्री कंदिलाच्या उजेडात काही लोक कॉफी पिताना आढळले. त्याने धर्मशास्त्रज्ञांची सभा भरवली, वैद्यांची साक्ष काढली आणि कॉफीवर बंदी घातली. त्या सभेत एकाने कॉफीने दारूसारखीच नशा येते असे ठासून सांगितले, तेव्हा दारूची नशा तुला कशी ठाऊक, असे त्याला विचारण्यात आले आणि कबुली दिल्यावर त्यालाच शिक्षा झाली, असा वृत्तांत आहे. प्रकरण कैरोला सुलतानाकडे गेले. त्याच्या हुकमात आक्षेपार्ह बैठकांना मनाई होती, कॉफीला नव्हती. पुढेही इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे उघडली आणि बंद पडली; 1633 मध्ये सुलतान चौथा मुराद याने ती बंद पाडली तेव्हा कारण नशेपेक्षा तेथे चालणाऱ्या राजकीय गप्पा हेच अधिक होते. ज्या बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असे परंपरा सांगते, ते सूफी संतच होते ही गोष्ट या संदर्भात सहज समजते. कॉफीच्या पाठोपाठ येमेनमध्ये 'कात' या चघळायच्या पानांचा प्रश्न आला. सोळाव्या शतकातील मक्केचे पंडित इब्न हजर अल-हैतमी यांच्यापुढे त्याविषयी परस्परविरोधी साक्षी आल्या, तेव्हा त्यांनी ठाम निषेध न करता ती पाने टाळावीत इतकाच सल्ला दिला.

हिंदुस्थानात हा विषय आणखी मोकळेपणाने वावरला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात 'माजून', म्हणजे भांग-अफू घातलेला पाक, घेतल्याच्या नोंदी संकोच न करता केल्या आहेत. 1527 मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी त्याने सोन्याचांदीचे पेले फोडून दारू सोडली. माजून मात्र सोडला नाही. शास्त्रकारांनी दारू आणि भांग यांत केलेला फरक बादशहाच्या विवेकबुद्धीनेही जपला होता. पुढे 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या अहवालाला जे. एम. कॅम्बेल या मुंबईतल्या अधिकाऱ्याने भांगेच्या धार्मिक स्थानाविषयी एक टिपण जोडले. हिंदूंच्या श्रद्धेचे विवेचन करून झाल्यावर त्याने लिहिले की उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान भांगेतील शक्तीला ईश्वर मानत नाहीत, कारण पूजा फक्त अल्लाची. ते तिचा संबंध खिज्र पैगंबराशी लावतात. हिरवा रंग आणि अमरत्वाचे पाणी यांच्याशी जोडलेला हा पैगंबर भांगेच्या हिरव्या पेल्यात दिसावा, यात लोकमानसाची विलक्षण चतुराई आहे. एकेश्वरवादाला धक्का लागत नाही आणि वनस्पतीचा मानही राहतो.

आता कथांकडे वळता येईल. मुसलमान समाजांनी स्वतः सांगितलेल्या जुन्या कथांत हशीश, म्हणजे भांग, खाणारा हा सहसा हास्यास्पद माणूस आहे. अरबी सुरस कथांतील एका गोष्टीत सर्वस्व गमावलेला एक मनुष्य हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, हशीशची गोळी खातो, वजीर आणि गुलाम आपली सेवा करीत आहेत असे स्वप्न पाहतो आणि जागा होतो तो उघडा, भोवती हसणाऱ्या लोकांच्या गराड्यात. सोळाव्या शतकाच्या आरंभी फुजुली या तुर्की कवीने भांग आणि मद्य यांचे भांडण रंगवणारे 'बेंग-ओ-बादे' हे काव्य इराणच्या शाह इस्माइलला अर्पण केले. त्यात दोघे राजे आपापल्या बढाया मारतात, युद्धाला उभे राहतात आणि मद्याचा विजय होतो. त्यात समकालीन राजकारणाचे रूपक अभ्यासकांना दिसले आहे. या लेखनात हशीश आहे, श्रद्धा आहे, थट्टा आहे. हशीश खाऊन धर्मासाठी खून करणारा मात्र कोठेही नाही.

तो युरोपात जन्मला. हसन सब्बाह यांनी 1090 मध्ये उत्तर इराणमधील अलामूत हा डोंगरी किल्ला घेतला आणि शिया पंथाच्या निझारी इस्माइली शाखेचे छोटे राज्य उभारले. प्रबळ सेल्जुक सत्तेपुढे त्यांच्याकडे मोठे सैन्य नव्हते, म्हणून निवडक शत्रूंना वेचून मारण्याचे शस्त्र त्यांनी वापरले. हे काम करणारे 'फिदाई', म्हणजे प्राण वाहिलेले, परत येण्याची आशा न ठेवता जात. विरोधी मुसलमान त्यांना तुच्छतेने 'हशीशी' म्हणत. त्या शब्दात नीच, बहकलेले असा तिरस्कार होता. क्रूसेडच्या काळात युरोपियनांनी हा शब्द उचलला आणि मारेकऱ्यासाठी आपल्या भाषांत रुळवला. पुढे मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात डोंगरावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट आली : तो तरुणांना गुंगीचे पेय पाजून सुंदर बागेत नेतो, तेथल्या सुखालाच ते स्वर्ग समजतात, आणि तो स्वर्ग पुन्हा मिळावा म्हणून सांगेल त्याचा जीव घेतात. पोलोने त्या पेयाचे नावही दिलेले नाही. 1256 मध्ये हुलागूच्या मंगोल सैन्याने अलामूत पाडले, तेव्हा तेथला ग्रंथसंग्रह इतिहासकार जुवैनी यांनी स्वतः तपासला. इस्माइलींचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, तरीही त्यांच्या लेखनात ना ती बाग आहे, ना हशीश. 1809 मध्ये पॅरिसमधील प्राच्यविद्यापंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी हशीश आणि त्या युरोपीय शब्दाचा संबंध विद्वत्तापूर्ण रीतीने मांडला आणि तेव्हापासून दंतकथेला शास्त्राचे वजन आले. विसाव्या शतकात मार्शल हॉजसन आणि फरहाद दफ्तरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा पाया काढून घेतला, पण तोवर ती कादंबऱ्यांत मुरली होती.

1840 च्या दशकात पॅरिसमध्ये तेओफिल गोतिए आदी लेखक 'हशीशवाल्यांचा क्लब' या नावाने जमून हिरवा पाक खात, आणि त्याच दशकात अलेक्झांद्र द्यूमा यांनी 'माँते क्रिस्तोचा काउंट' या कादंबरीत स्वतःला सिंदबाद म्हणवणाऱ्या यजमानाच्या तोंडी म्हाताऱ्याची गोष्ट घातली. स्लोव्हेनियन लेखक व्लादिमिर बार्तोल यांची 'अलामूत' ही कादंबरी 1938 मध्ये आली. तिच्यात बाग आहे, गोळी आहे आणि अनुयायांच्या श्रद्धेशी थंडपणे खेळणारा नेता आहे. युरोपात हुकूमशहा माजले असताना लिहिलेली ही कादंबरी इस्लामपेक्षा त्या हुकूमशहांविषयी अधिक बोलते आणि म्हणून ती मोठी आहे. मात्र तिने वाहिलेले ओझे एका जिवंत समाजाच्या खांद्यावर पडले. त्या निझारी इस्माइलींचे वारस खोजा समाजाच्या रूपाने मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार-उदीम करीत आले आहेत. 1866 च्या गाजलेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा अलामूतपासूनचा वारसा आणि पहिल्या आगाखानांचे स्थान मान्य केले, आणि त्या आगाखानांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. या दंतकथेचे खरे आकर्षण कशात आहे हे यावरून उमगते : एखादा दुर्बळ पंथ निव्वळ निष्ठेच्या बळावर मरायला तयार होतो हे मान्य करण्यापेक्षा त्याला गुंगीचे औषध पाजले होते असे म्हणणे प्रतिपक्षाला फार सोपे जाते.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' या 1965 च्या विज्ञान-कादंबरीत हाच धागा नव्या रूपात येतो. वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन लोक, त्यांचा महदी, त्यांचा जिहाद ही सारी शब्दसंपदा इस्लामी आहे, आणि त्यांच्या धार्मिक जीवनाच्या केंद्रस्थानी 'मसाला' नावाचे द्रव्य आणि विषारी 'जीवनजल' प्राशन करण्याचा सामूहिक विधी आहे. नायकाला त्या द्रव्यातून भविष्य दिसते, आणि ते दिसणेच त्याला बांधून टाकते. 1969 च्या दुसऱ्या भागात त्याच्या नावाने झालेल्या जिहादातील मृतांचा आकडा 61 अब्ज असल्याचे तो स्वतःच सांगतो. द्रव्याने झाकलेल्या बुद्धीवर विसंबू नये ही शास्त्रकारांची भीती हर्बर्ट यांच्या कथेत वेगळ्या वाटेने पोहोचली आहे असे म्हणता येईल. तथापि त्यांनी उसने घेतलेल्या इस्लाममध्ये जहाल श्रद्धा भरपूर आहे आणि अल-कराफींसारखा धर्मशास्त्रज्ञ एकही नाही. फ्रेमेनांपैकी कोणी त्या विधीची चिकित्सा करीत नाही.

ती चिकित्सा सापडते इजिप्तचे कादंबरीकार नजीब महफूझ यांच्या 1966 मधील कादंबरीत. नाईलवरच्या एका तरंगत्या घरात कैरोतले सुशिक्षित लोक रोज रात्री हशीशच्या हुक्क्याभोवती जमतात. हुक्का हातोहात फिरतो, निखारे फुलवले जातात, बोलणे विश्वाच्या उत्पत्तीपासून कचेरीतल्या कटकटींपर्यंत भरकटते. विधीची सारी लक्षणे आहेत, देव मात्र नाही. त्या घराचा म्हातारा रखवालदार अम्म अब्दुह हुक्का भरतो, मंडळींच्या इतर गरजाही पुरवतो, आणि नमाजाची वेळ झाली की जवळच्या छोट्या मशिदीत जाऊन अजान देतो व लोकांच्या पुढे उभा राहून नमाज पढवतो. महफूझ त्याला ढोंगी ठरवत नाहीत आणि संतही करीत नाहीत. शास्त्रकारांनी खिशातल्या भांगेबद्दल विचारलेला प्रश्न येथे एका माणसाच्या रूपाने चालतो-बोलतो. एका रात्री ही मंडळी मोटारीतून भटकायला निघतात, अंधारात एका अनोळखी माणसाला उडवतात आणि पळून येतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापली कारणे शोधतो. सर्वांत जास्त धुंदीत राहणारा अनीस झकी हा कारकून मात्र पोलिसांना कळवण्याचा हट्ट धरतो. मरणाऱ्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही, आपण त्या मोटारीत होतो हे मात्र अनीसला पक्के ठाऊक आहे, आणि त्या दिवशी ते मोठ्याने सांगायची हिंमत त्याच्या एकट्याकडे आहे.